पिसवांवरील गळपट्टा : मुदत आणि मर्यादा

पाळीव कुत्र्याच्या गळ्यात औषधी पट्टा घातला की पिसवा व गोचीड यांची चिंता संपली, असा समज सर्वत्र रूढ आहे. पहिले काही महिने तो खराही ठरतो आणि म्हणूनच पुढे घातक होतो. पट्टा गळ्यात तसाच राहतो. त्यातील औषध मात्र संपत आलेले असते.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आलेल्या पट्ट्यांत डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक असे. त्याच्या वाफेने मानेजवळच्या पिसवा मरत. मोठ्या कुत्र्याच्या शेपटीकडील पुष्कळशा वाचत. (भारतात या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.) हल्लीच्या पट्ट्यांतील डेल्टामेथ्रिन, किंवा फ्लुमेथ्रिन व इमिडाक्लोप्रिड ही द्रव्ये कातडीवरील तेलकट थरातून अंगभर पसरतात. डेल्टामेथ्रिनच्या पट्ट्याला पूर्ण प्रभाव दाखविण्यास आठवडाभर तरी लागतो. उत्पादक प्रकारानुसार पाच ते आठ महिन्यांची मुदत सांगतात. ही मुदत कोरड्या अंगाच्या कुत्र्याची समजावी. वारंवार आंघोळ, साबण, पोहणे यांनी ती घटते.

आपल्याकडे खरी अडचण येथेच आहे. पिसवांच्या अळ्यांना उष्ण व दमट हवा मानवते. कोरड्या उन्हाळ्यात त्या सुकून मरतात. कोकणात पावसाळा लागताच त्यांची वाढ झपाट्याने होते आणि त्याच दिवसांत कुत्रा सतत भिजत असतो. जानेवारीत बांधलेला सहामाही पट्टा ऐन आषाढात निकामी होतो. त्यापेक्षा मेच्या मध्यास नवा पट्टा बांधणे अधिक शहाणपणाचे.

दुसरी मर्यादा पट्ट्याची नव्हे, घराची आहे. पिसवांच्या एकूण संख्येपैकी कुत्र्यावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा सुमारे पाच टक्केच असतात. बाकी अंडी, अळ्या व कोष कुत्र्याच्या गोणपाटात, फरशीच्या भेगांत, सतरंजीखाली असतात. एक मादी दिवसाला चाळीसपर्यंत अंडी घालते. कोषातील पिसू कित्येक महिने दबा धरून बसते आणि पावलांचा कंप किंवा अंगाची ऊब जाणवताच बाहेर पडते. बंद घर उघडल्यावर पायांना एकदम चावे बसतात, ते यामुळेच. म्हणून गोणपाट व चादरी गरम पाण्यात धुणे, भेगा झाडून काढणे ही कामे पट्ट्याबरोबरच करावी लागतात.

गोचिडांच्या बाबतीत दुर्लक्ष अधिक महागात पडते. तपकिरी गोचीड एर्लिकिया व बॅबेसिया यांचे रोग पसरविते. ताप, अन्न टाकणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, क्वचित नाकातून रक्त येणे, ही लक्षणे दिसल्यास गळ्यात पट्टा आहे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे.

पट्टा व मान यांत दोन बोटे मावतील इतकीच सैल जागा ठेवावी. कुत्र्याचा पट्टा मांजराला कदापि घालू नये. डेल्टामेथ्रिनसारखी द्रव्ये तिला विषारी ठरतात. बांधल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. पाकीट बहुधा फेकून दिले जाते.