गोष्टीतून परभाषा

सातवाहन राजाची एक मजेदार कथा ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात आली आहे. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. अंगावर उडणाऱ्या पाण्याने दमलेली एक राणी त्याला संस्कृतात काही म्हणाली. त्यात ‘मोदकैः’ असा शब्द होता. ‘मा’ म्हणजे नको आणि ‘उदकैः’ म्हणजे पाण्याने, असा तो संधी. राजाला संधी ठाऊक नव्हता. त्याने ताबडतोब मोदक मागविले! राणी हसली आणि राजाने लाजेने अंथरूण धरले.

मग दरबारात पैज लागली. गुणाढ्य पंडित म्हणाला, ‘महाराजांना मी सहा वर्षांत व्याकरण शिकवीन.’ शर्ववर्मा म्हणाला, ‘मी सहा महिन्यांत.’ शर्ववर्म्याने पैज जिंकली. हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत सोडले, तो पैशाची भाषा शिकला आणि त्या भाषेत त्याने गोष्टींचा प्रचंड ग्रंथ रचला. तोच ‘बृहत्कथा’.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण तिच्यातला प्रश्न खरा आहे. परभाषा शिकायची तर सुरुवात व्याकरणापासून करावी की गोष्टीपासून?

ज्या प्रतिष्ठान नगरीत ही कथा घडल्याचे सांगतात ते आजचे पैठण. छत्रपती संभाजीनगरमधील उस्मानपुऱ्यापासून ते सुमारे 50 किलोमीटरवर आहे. उस्मानपुऱ्यातील एखाद्या विद्यार्थ्याचा दिवस पाहा. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी किंवा दखनी, शाळेत इंग्रजी. म्हणजे तीन भाषांत त्याची ये-जा रोजच चालू असते. समजा, त्याला आता स्पॅनिश शिकायची आहे. सुमारे 20 देशांची ही राजभाषा. तिच्यात पहिले पाऊल टाकण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे त्याने लहानपणी ऐकलेली एखादी गोष्ट पुन्हा स्पॅनिशमध्ये ऐकणे. असे का, ते आता पाहू.

अर्थ आधी, शब्द मागून

अनोळखी भाषेतले वाक्य ऐकताना मेंदूला दोन कामे एकदम करावी लागतात. एक, शब्द ओळखणे. दुसरे, काय चालले आहे ते समजून घेणे. आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो. चार शब्द अडले की पाचवा येईपर्यंत पहिला निसटतो. पण गोष्ट माहीत असेल तर दुसरे काम आधीच झालेले असते. सिंह विहिरीत उडी मारणार हे ठाऊक असलेल्या मुलाला ‘विहीर’ या अर्थाचा परका शब्द कोणता, हे पुष्कळदा कोणी न सांगताच कळते. अर्थ वाट पाहत बसलेला असतो, शब्द येऊन त्याला चिकटतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग 1932 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी आपल्या देशातील लोकांना अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने आठवून लिहायला सांगितली. वाचकांनी परक्या वाटणाऱ्या गोष्टी गाळल्या किंवा ओळखीच्या करून टाकल्या. कथेतील विशिष्ट प्रकारची होडी साधी नाव झाली. बार्टलेट यांनी यावरून असे दाखविले की, आपण मनातल्या तयार साच्यात बसेल तसे लक्षात ठेवतो. परभाषा शिकताना याचाच फायदा घेता येतो. ओळखीची गोष्ट म्हणजे असा तयार साचा. त्यात फक्त नवे शब्द ओतायचे.

हे तत्त्व शिक्षकांनी पूर्वीच वापरले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी 1800 साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज सुरू झाले. तेथे मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरी यांच्या काळात श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी पुस्तके निघाली. त्यांत 1814 ची ‘सिंहासनबत्तिशी’ आणि 1815 चा ‘हितोपदेश’ होता. व्याकरण आणि कोश होतेच. पण वाचायला दिल्या त्या गोष्टी.

एका मडक्याचा प्रवास

उस्मानपुऱ्यातील मुलाला ओळखीच्या गोष्टी स्पॅनिशमध्ये कोठून मिळणार? त्या तेथे कधीच जाऊन पोचल्या आहेत! सहाव्या शतकात बुर्झोय नावाच्या इराणी वैद्याने ‘पंचतंत्रा’च्या कथा पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्या अरबीत आणल्या. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे अरबीत कलीला आणि दिम्ना झाले. पुढे 1251 मध्ये स्पेनमधील राजपुत्र अल्फोन्सो याच्या पुढाकाराने त्यांचे जुन्या स्पॅनिशमध्ये भाषांतर झाले.

सातूच्या पिठाचे मडके समोर टांगून स्वप्ने रंगविणारा आणि शेवटी लाथेने ते फोडणारा ब्राह्मण आपल्या परिचयाचा आहे. अरबी कथेत पिठाऐवजी तूप-मध आले. 1335 साली दोन ह्वान मान्वेल या स्पॅनिश लेखकाने तीच गोष्ट दोन्या त्रुआना या बाईची करून सांगितली. तिच्या डोक्यावर मधाचे मडके होते. अठराव्या शतकात सामान्येगो या कवीने दूध विकायला निघालेल्या मुलीवर ही कथा रचली. पीठ, मध, दूध! मडके मात्र प्रत्येक वेळी फुटतेच.

या वाटेने शब्दही गेले. संस्कृत ‘शर्करा’ फारसी-अरबीतून स्पॅनिशमध्ये ‘असूकार’ झाली, आणि नारंगी ‘नारांखा’ झाली. उलट, स्पॅनिशची सख्खी बहीण असलेल्या पोर्तुगीजने मराठीला मेज आणि पगार हे शब्द दिले. स्पॅनिशमध्ये टेबलाला ‘मेसा’ आणि पैसे देण्याला ‘पागार’ म्हणतात.

गोष्ट काय काय शिकविते

स्पॅनिश गोष्टीची सुरुवात बहुधा ‘आबिआ उना वेस’ अशी होते. आपल्या ‘एकदा काय झाले’ किंवा ‘आटपाट नगर होते’ याचीच ती बहीण. आता ही दोन साधी वाक्ये पाहा :

एन एल बोस्के बिबिआ उन लेओन. (रानात एक सिंह राहत असे.)
उन दीआ येगो उना लिएब्रे. (एके दिवशी एक ससा आला.)

‘बिबिआ’ हा चालू असलेला भूतकाळ, तर ‘येगो’ हा घडून गेलेला. गोष्टीची पार्श्वभूमी पहिल्या रूपात आणि घटना दुसऱ्या रूपात सांगतात. मराठीतही ‘राहत असे’ आणि ‘आला’ असा भेद असल्याने मराठी मुलाला तो चटकन उमगतो. दुसरी गंमत अशी की, ‘उन लेओन’ पुल्लिंगी, पण ‘उना लिएब्रे’ स्त्रीलिंगी! आपला ससा तेथे व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे. स्पॅनिशमध्ये नामांची लिंगे दोनच, आपल्याकडे तीन. ज्याने तीन सांभाळली त्याला दोन जड वाटू नयेत. उच्चारांतही आपल्याला सोय आहे. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि स्वर पाचच.

लोककथांचा आणखी एक गुण म्हणजे पुनरुक्ती. चिंधी सापडलेला उंदीर धोब्याकडे जातो, मग शिंप्याकडे. प्रत्येकाकडे जवळजवळ तेच बोलतो. स्पेनमध्येही एका नटव्या उंदरीची गोष्ट प्रसिद्ध आहे. तिला मागणी घालायला एकामागून एक प्राणी येतात आणि ती प्रत्येकाला, रात्री तू काय करशील, असे विचारते. प्रत्येक जण आपला आवाज काढून दाखवितो. एका बैठकीत तोच प्रश्न चार-पाच वेळा कानावर पडतो, पण कंटाळा येत नाही, कारण उत्तर दर वेळी नवे असते. भविष्यकाळाचे रूप पाठ न करता पाठ होते.

आणि लाजेचे काय? गोष्टीचे नाटक करताना चूक मुलाची नसते, उंदराची असते! मुखवट्याआडून बोलणे सोपे जाते. संत एकनाथ रंगमंदिर ज्या उस्मानपुऱ्यात आहे, तेथील मुलांना हे वेगळे सांगायला नको.

गोष्टीची मर्यादा

केवळ गोष्टींवर मात्र भागणार नाही. परीकथेत लांडगा, राजवाडा, चेटकीण हे शब्द भरपूर. बसचे तिकीट कसे मागावे ते तेथे नसते. गोष्ट नुसती ऐकून बोलता येत नाही. ती स्वतः सांगावी लागते, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. शिवाय प्रत्येक वाक्याचे मराठी भाषांतर लगेच करून दिले, तर मूल मराठीच ऐकते आणि स्पॅनिशकडे कान देत नाही. म्हणून आधी गोष्ट ओळखीची हवी, चित्रे आणि हावभाव हवेत, भाषांतर कमीत कमी हवे. व्याकरणाचा नियम नंतर सांगावा. तेव्हा त्याची उदाहरणे मुलाच्या तोंडात आधीच असतात. शर्ववर्मा आणि गुणाढ्य दोघेही हवेत, फक्त गुणाढ्याने आधी यावे.

करून पाहा

हे खरे की खोटे, ते वर्गातच तपासता येईल. पुढील दहा शब्द घ्या : लेओन (सिंह), लिएब्रे (ससा), बोस्के (रान), पोसो (विहीर), आग्वा (पाणी), रेइ (राजा), दीआ (दिवस), आम्ब्रे (भूक), मिएदो (भीती), एनेमीगो (शत्रू). वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिल्या गटाला हे शब्द अर्थासह यादीने शिकवा. दुसऱ्या गटाला सिंह आणि सशाची गोष्ट मराठीत सांगा, पण हे दहा शब्द स्पॅनिश वापरा. दोन्ही गटांना वेळ सारखाच द्या आणि प्रत्येक शब्द सारख्याच वेळा ऐकवा. आठवड्याने न कळविता परीक्षा घ्या. मग दुसरी गोष्ट व नवे दहा शब्द घेऊन गटांची अदलाबदल करा, म्हणजे एका गटात हुशार मुले जास्त होती, ही शंका उरणार नाही. आकडे वहीत मांडा आणि निष्कर्ष त्यानंतरच काढा.