खाडीतल्या ऊर्जेचा प्रवास

परिसंस्थेत ऊर्जा एकाच दिशेने वाहते. पोषणद्रव्ये मात्र फिरून फिरून वापरली जातात. रत्नागिरीलगत काजळी नदी समुद्राला मिळते त्या भाट्ये खाडीसारख्या ठिकाणी हे नीट समजून घेता येते.

खाडीत ऊर्जा दोन वाटांनी शिरते. पाण्यातले वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, ते प्राणिप्लवक खातात आणि त्यांना लहान मासे. काठच्या कांदळवनाची वाट निराळी, आणि खरे तर अधिक विलक्षण. चिपी, तिवर, कांदळ यांची हिरवी पाने फार थोडे प्राणी खातात. बहुतेक पाने पिकून चिखलात गळतात. खेकडे ती कुरतडतात, जिवाणू आणि बुरशी कुजवतात. कुजताना त्यांतले नायट्रोजनचे प्रमाण वाढते आणि हा पौष्टिक चुरा कोळंबी, बोय यांचे खाद्य होतो. त्यांच्यावर तांबोशी, बगळे, खंड्या आणि सर्वांत वर समुद्री गरुड जगतात.

प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा श्वसनातून उष्णता होऊन निघून जाते. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी १९४२ साली हा हिशेब मांडला. पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्केच पोहोचते. ढोबळमानाने एक किलो सुरमईमागे दहा किलो तारली आणि शंभर किलो प्लवक लागतात. म्हणूनच अन्नसाखळ्या सहसा चार-पाच कड्यांतच संपतात आणि गरुड बोयांइतके कधीच असू शकत नाहीत. मेलेल्या जिवांतले नायट्रोजन, फॉस्फरस मात्र चिखलात मिसळून पुन्हा तिवराच्या मुळांत आणि प्लवकांत शिरतात.