जामखेडचा वार

सकाळी ७.०० : अहिल्यानगरहून निघतो. चिचोंडी पाटील, कडा, आष्टी असा रस्ता बीड जिल्ह्यातून जाऊन परत अहिल्यानगर जिल्ह्यात शिरतो आणि जामखेड येतं. महिन्यातला हा वार मी इथल्या एका फॅमिली डॉक्टरांकडे बसतो.

९.३० : मला वेगळी खोली नको असते. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ अशी पाटी दिसली की कुणी बघेल म्हणून पेशंट दारातूनच परत फिरतो. डॉक्टरांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकली की झालं.

१०.१५ : पन्नाशीच्या एक बाई. डोकं दुखतं, हातापायाला मुंग्या, जीव घाबरतो. पिशवीत चार ठिकाणचे कागद, सगळे रिपोर्ट नॉर्मल. “एक सलाईन लावा, डॉक्टर.” प्रश्न डॉक्टर विचारतात, मी ऐकतो. “मावशी, पहाटे लवकर जाग येते का? कशात मन लागतं?” आणि त्याच सुरात, “जगणं नकोसं वाटतं?”

“वाटतं की.” पदर डोळ्यांना जातो.

असं विचारल्यानं आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. बाहेर बसलेल्या मुलाला बोलावून फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात ठेवायला सांगितलं. एस्सिटॅलोप्राम ही नैराश्यावरची गोळी ५ मिलिग्रॅमपासून सुरू केली. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनानं सोडायची नाही, हे डॉक्टरांनीच समजावलं. थायरॉइडची तपासणीही त्यांनी लिहिली, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच खचतो.

१२.३० : ओलान्झापिन घेणारा एक तरुण. आता भास थांबलेत, पण वजन वाढतंय. साखर आणि वजन दर खेपेला डॉक्टर बघतील, डोस आम्ही दोघं मिळून ठरवू.

३.०० : खर्ड्याला, गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंसोबत. देवऋषी झाला, अंगारे झाले, तरी गप्प असलेली सून कोणत्या घरात आहे, हे त्यांनाच ठाऊक. १९७० मध्ये काम सुरू करून याच तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या निरक्षर बायकांच्या हाती आरोग्याचं ज्ञान दिलं. मनाच्या आजारांचं ज्ञानही तसंच वाटायला हवं. गोव्यात हे करून पाहिलंय. स्थानिक समुपदेशक, आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि अधूनमधून येणारे मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून काम केलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरकारी केंद्रांतले सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले. नेहमीच्या उपचारांत ते प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होतं.

५.३० : परतीचा रस्ता. आशाताईंनी टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वहीत उतरवून घेतलाय.

रात्री ८.३० : डॉक्टरांचा फोन. दहा दिवसांची बाळंतीण, तीन रात्री झोप नाही, बाळ आपलं नाही म्हणते. “बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, आजच पाठवा,” मी म्हणतो. “गाडी सांगितलीय, तिची आईही सोबत येतेय,” ते म्हणतात. माझी पुढची खेप महिन्यानं. तोवर बाळंतपणानंतरचा हा मनाचा आजार कुणी ओळखला नसता, तर बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेतलं असतं. तो जामखेडातच ओळखला गेला, म्हणून उपचार आज रात्रीच सुरू होतील.