गाय उलटते, दोष कोणाचा?

भरवलेली गाय तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली की गोठ्यात लगेच बोलले जाते, ‘गाय उलटली, तिच्यातच खोट आहे.’ दोन-तीन वेळा असे झाले की चांगली दुधाची गायही बाजाराच्या वाटेला लागते. या निकालामागे एक जुना समज आहे: बीज वळूचे, गाय म्हणजे ते रुजवणारी नुसती जमीन. प्रत्यक्षात गाईचे प्रजननसंस्थान ठरलेल्या वेळापत्रकाने चालते. ते पाळले गेले नाही, तर निरोगी गायही उलटते. म्हणून खोट गाईत शोधण्याआधी आपण तिला कधी आणि कशी भरवली, हे तपासले पाहिजे.

पहिला गैरसमज वेळेचा. माज दिसला की ताबडतोब भरवावी, असे अनेकांना वाटते. माज साधारण 12 ते 18 तास टिकतो. पण अंडाशयातून स्त्रीबीज सुटते ते माज संपल्यावर 10 ते 12 तासांनी, आणि नंतर ते काही तासच फलनक्षम राहते. शुक्राणूही आत पडताच कामाला लागत नाहीत. अंडवाहिनीपर्यंत पोहोचून फलनासाठी तयार व्हायला त्यांना काही तास लागतात आणि ते साधारण एक दिवस टिकतात. दोघांची गाठ पडावी म्हणून सकाळी माज दिसलेली गाय संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसलेली दुसऱ्या सकाळी भरवतात. माजाची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे दुसरे जनावर अंगावर चढले तरी गाय स्थिर उभी राहणे. नुसत्या हंबरण्यावर विसंबू नये. माजानंतर एक-दोन दिवसांनी रक्त दिसले, तर ‘गर्भ पडला’ किंवा ‘गाभण राहिली’ असे दोन्ही अर्थ काढले जातात. दोन्ही चुकीचे आहेत. संप्रेरक उतरल्यावर गर्भाशयाच्या आतील बारीक रक्तवाहिन्या फुटतात, एवढेच ते रक्त सांगते.

दुसरा गैरसमज जागेचा. कृत्रिम रेतनाची नळी जितकी आत, तितका गर्भ पक्का, असे मानले जाते. पण गाईचे गर्भाशय ही एक मोठी पिशवी नाही. गर्भाशयमुखात तीन-चार घट्ट कडी असतात; त्यांच्यापुढे काही सेंटिमीटरचा छोटा भाग आणि तिथून दोन बाजूंना दोन शिंगे. शेवटचे कडे ओलांडताच त्या छोट्या भागात वीर्य सोडायचे. नळी आणखी रेटली, तर अस्तराला इजा होण्याची भीती असते. फलन गर्भाशयात होतच नाही, ते अंडवाहिनीत होते. गर्भ चार-पाच दिवसांनी गर्भाशयात उतरतो आणि सोळाव्या दिवसाच्या आसपास रासायनिक संदेश देतो. हा संदेश मिळाला नाही, तर गर्भाशयातून निघणारे संप्रेरक अंडाशयावरील पीतपिंड विरघळवते आणि एकविसाव्या दिवशी माज परततो. म्हणजे उलटणे ही गर्भ नसल्याची शरीराने दिलेली अचूक खबर आहे.

यावर अनुभवी पशुपालक विचारतील, ‘मग वळू सोडला की गाय केव्हाही कशी गाभण राहते?’ कारण वळू एकाच माजात अनेकदा भरवतो आणि प्रत्येक वेळी अब्जावधी शुक्राणू सोडतो. त्यात वेळेची चूक झाकली जाते. गोठवलेल्या वीर्याच्या कांडीत साधारण दोन कोटीच शुक्राणू असतात, तिथे चूक उघडी पडते. कालवड की गोऱ्हा, हेही वळूच्या शुक्राणूवर ठरते. त्यासाठी गाईला बोल लावणे सरळ अन्याय आहे. काही गाईंमध्ये खरोखर दोष असतो, हे मान्यच आहे. गर्भाशयाचा दाह, अंडाशयावरची गाठ, निकृष्ट आहार ही कारणे खरी आहेत. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड तर दहातल्या नऊहून अधिक वेळा वांझ असते. पण हे तपासणीने ठरते, अंदाजाने नव्हे. माजाची तारीख, वेळ आणि भरवल्याची नोंद ठेवा, पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्या, आणि एवढे केल्यावरच गाईचा निकाल लावा.