छोट्या विमानाचा पायलट : ऐकीव गोष्टी आणि खरी नोकरी

चाकूरमधून अकरावीसाठी लातूर गाठणाऱ्या पोरांपुढे वर्षानुवर्षं दोनच वाटा असायच्या, मेडिकल नाहीतर इंजिनिअरिंग. आता काही घरांत तिसरीचा विषय निघू लागला आहे, पायलट होण्याचा. त्याला कारणही आहे. चाकूरच्या एका बाजूला लातूरचं विमानतळ आहे, दुसऱ्या बाजूला नांदेडचं. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी शिमल्याहून ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या विमानसेवांना हिरवा झेंडा दाखवला, तेव्हा त्यांत नांदेड–हैदराबाद ही सेवा होती. सत्तरेक आसनांचं, दोन पंख्यांचं एटीआर ७२ विमान तेव्हापासून आपल्याकडच्या लोकांच्या ओळखीचं झालं. त्यात बसून आलेल्या माणसाच्या पोराला ते चालवावंसं वाटलं, तर त्यात नवल काहीच नाही आणि चूक तर मुळीच नाही.

चिंता वेगळी आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यापर्यंत पोचायला आज पन्नास लाखांच्या घरात, कधी त्याहून जास्त खर्च येतो. सोयाबीनवर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम म्हणजे जमिनीचा तुकडा किंवा मोठं कर्ज. आणि हा निर्णय बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर घेतला जातो.

‘देशात पायलट कमी पडताहेत, परवाना मिळाला की नोकरी पक्की’

सगळ्यात महाग पडणारा समज हाच. त्यात अर्धं सत्य असल्यामुळे तो लवकर पटतो. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. एवढी विमानं येणार तर ती चालवायला माणसं लागणार, हा हिशेब बरोबर आहे. पण खरा तुटवडा आहे तो कॅप्टनचा, म्हणजे डाव्या खुर्चीत बसणाऱ्या अनुभवी पायलटचा. नवा परवाना मिळतो २०० तासांच्या उड्डाणावर. कॅप्टन व्हायचं तर एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचा परवाना लागतो आणि त्याला किमान १५०० तास हवेत. मधले १३०० तास कोणीतरी नोकरी दिली तरच भरून निघतात.

२०२३ या एका वर्षात डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. तोवरचा तो उच्चांक होता. यातल्या प्रत्येकाला त्याच वर्षी नोकरी लागत नाही. कंपनीची जाहिरात निघते, लेखी परीक्षा होते, मानसशास्त्रीय चाचणी होते, सिम्युलेटरवर हात तपासला जातो. निवड झाली तरी त्या विशिष्ट विमानाचं ‘टाइप रेटिंग’ करावं लागतं. एटीआरचं वेगळं, एअरबसचं वेगळं. त्याचा खर्च पुन्हा काही लाखांत जातो आणि अनेकदा तो उमेदवाराच्याच माथी येतो.

निवड झाली नाही तर? वाट पाहण्यालाही पैसे पडतात. दर वर्षी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याची पात्रता, चालू ठेवावं लागतं, त्यासाठी तासावर पैसे मोजून विमान किंवा सिम्युलेटर उडवावं लागतं. इकडे बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो. परवाना हातात पडल्यापासून पहिला पगार खात्यात पडेपर्यंतचा हा काळ काहींचा सहा महिन्यांत संपतो, काहींची दोन-तीन वर्षं त्यात जातात. घरातल्यांनी खर्चाचा कागद मांडताना प्रशिक्षणाच्या फीखाली ही ओळ लिहायलाच हवी. माहितीपत्रकात ती नसते.

‘कंपनीत लागला म्हणजे आयुष्याचं झालं’

नांदेडचंच उदाहरण घ्या. २०१७ मध्ये ती सेवा सुरू करणारी कंपनी होती हैदराबादची ट्रूजेट. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची विमानं थांबली. त्याआधी किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, आणि नंतर गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. डेक्कन चार्टर्सने २०१७ च्या डिसेंबरात नाशिक आणि जळगावला १९ आसनी विमानं सुरू केली होती, तीही टिकली नाहीत.

छोट्या मार्गांचं अर्थकारणच नाजूक आहे. ‘उडान’मध्ये काही जागांचं भाडं सरकार बांधून देतं आणि कंपनीचा तोटा तीन वर्षं भरून देतं. मदत थांबली की मार्ग स्वतःच्या बळावर चालवायचा. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, या योजनेवरचा अहवाल आला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतले फक्त ५४ चालू राहिले होते. प्रवाशाला मार्ग बंद झाल्यावर रेल्वेचं तिकीट काढता येतं. त्या मार्गासाठी भरती झालेल्या को-पायलटला तसं सोपं नसतं. एटीआरचं रेटिंग घेतलेल्या माणसाला भारतात दारं मोजकीच आहेत. नियमित सेवेत एटीआर उडवणाऱ्या ठळक कंपन्या म्हणजे इंडिगो, अलायन्स एअर आणि गोव्याची फ्लाय ९१. नांदेडला येणारी स्टार एअर एम्ब्राएर वापरते, म्हणजे तिथे पुन्हा वेगळं रेटिंग.

सरकारी मालकी असली म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अलायन्स एअरच्या पायलटांनी करोनाकाळात कापलेला पगार पूर्ववत करावा म्हणून काम थांबवलं होतं.

उलट बाजूचा नियमही माहीत असावा. नोकरी सोडताना को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, असं डीजीसीएने २०१७ मध्ये ठरवलं. कंपनी बुडते तेव्हा मात्र पायलटला वर्षभर आधी कोणी सांगत नाही. मला हा व्यवहार एकतर्फी वाटतो.

‘बटण दाबलं की विमान आपोआप चालतं’

हे ऐकलं की मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण छोट्या विमानाच्या बाबतीत ते सगळ्यात कमी खरं आहे. विमान आपोआप उतरवायचं तर धावपट्टीवर विशेष दर्जाची उपकरणं लागतात आणि विमानातही तशी यंत्रणा लागते. दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळावर दाट धुक्यात मोठी जेट विमानं अशी उतरतात. एटीआरमध्ये ती सोयच नाही. प्रत्येक उड्डाण आणि प्रत्येक लँडिंग हातानेच. लहान विमानतळांवर बऱ्याच ठिकाणी धावपट्टीची सरळ रेघ दाखवणारी रेडिओ यंत्रणाही नसते. धावपट्टी डोळ्यांनी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर परत वर जायचं आणि दुसरं विमानतळ गाठायचं.

एक साधा दिवस पाहा. सकाळी सहाचं विमान असेल तर गजर साडेतीनच्या आसपास. विमानतळावर पोचल्यावर श्वासाची चाचणी. आदल्या रात्रीच्या दारूचा अंश सापडला तर पहिल्याच वेळी तीन महिने परवाना निलंबित. मग हवामानाचे कागद, इंधनाचा हिशेब. अंधारात हातात टॉर्च घेऊन विमानाभोवती एक फेरी, पंख्याची पाती, टायर, कुठे तेल गळतंय का ते पाहत. त्यानंतर उड्डाण, तासाभरात लँडिंग, पंचवीस-तीस मिनिटांत प्रवासी उतरून नवे बसले की पुन्हा उड्डाण. असे चार-चार सेक्टर, म्हणजे टप्पे. एटीआरमध्ये जमिनीवर वीज आणि थंड हवा देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. म्हणून उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि ते इंजिन नुसतं चालू ठेवतात. मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात दारं उघडी ठेवून प्रवासी चढत असताना कॉकपिटमध्ये काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. त्याच अर्ध्या तासात पायलटचं जेवण, पुढच्या टप्प्याचे कागद आणि तापलेल्या हवेत किती वजन उचलता येईल याचं गणित. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, आणि कधी सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. त्यावर चिडलेले प्रवासी पायलटलाच बोल लावतात.

आणि अवकाळी. जेट विमान पस्तीस हजार फुटांवरून बहुतेक ढगांच्या वरून निघून जातं. एटीआरची कमाल मर्यादा २५,००० फूट, आणि छोट्या अंतरावर ते त्याहून बरंच खाली उडतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर आपल्याकडे गारपिटीचे ढग उभे राहतात, त्यांना वळसा घालूनच जावं लागतं.

‘वर्षाला हजार तास, म्हणजे रोजचे तीनही नाहीत’

वर्षाला १००० तासांची मर्यादा खरी आहे. पण हे तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचे. चार तासांच्या उड्डाणासाठी ड्युटी आठ-नऊ तासांची होऊ शकते. हजेरी, तपासणी, मधली थांबणी, उशीर, हे सगळं ड्युटीत येतं, उड्डाणाच्या तासांत येत नाही. छोट्या विमानाच्या पायलटला तर तेवढ्याच तासांत लँडिंगही जास्त करावी लागतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याला निघालेला एक चाळिशीचा पायलट बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि दगावला. त्याला आधी नियमापेक्षा जास्त विश्रांती मिळाली होती, असं कंपनीने सांगितलं. मृत्यू थकव्यामुळेच झाला असं म्हणायला आधार नाही. पण पायलटांच्या थकव्याची चर्चा त्यानंतर घराघरांत पोचली. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ड्युटीचे नियम बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायचं ठरलं, रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. कंपन्यांचा विरोध, मग दिल्ली उच्च न्यायालय, असं होत हे नियम जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि रात्रीच्या नियमांतून तिला तात्पुरती सूट द्यावी लागली. त्या दिवसांत अडकलेल्या प्रवाशांचा राग पायलटांच्या विश्रांतीवर निघत होता. त्या ४८ तासांची झोप प्रवाशांच्याच जिवासाठी मागितलेली होती, हे तेव्हा मोठ्याने सांगणारे कमी होते.

काही छोटे समज

चष्मा असला तर पायलट होता येत नाही, हे चूक. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या दर्जाची होत असेल तर चालतं. रंग ओळखण्यातला दोष मात्र अडचणीचा ठरतो. म्हणून फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, नंतर नको.

लातूरला गणित सोडून बायोलॉजी घेतलेल्या पोरांना वाटतं, ही वाट आपल्यासाठी बंद झाली. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, हे खरं. पण राहिलेला विषय मुक्त विद्यालयातून देऊन अनेकांनी ही अट पूर्ण केली आहे.

नांदेडला विमान येतं म्हणून मुलगा नांदेडला राहील, असं नाही. पायलटचा मुक्काम कंपनीच्या बेसवर असतो, हैदराबाद, बंगळूर, गोवा. नांदेडच्या धावपट्टीवर तो अर्धा तास असतो.

मुलींचं हे काम नव्हे, असं अजूनही कोणी म्हणत असेल तर एवढंच सांगा. भारतात पायलटांमधलं महिलांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि जगाच्या सरासरीच्या ते दुपटीहून जास्त आहे.

‘छोटं विमान म्हणजे दुय्यम नोकरी’

हा समज मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. दिवसाला चार-चार वेळा हाताने विमान उतरवणारा, उपकरणांची साथ कमी असलेल्या धावपट्ट्या ओळखणारा पायलट पक्का तयार होतो. लहान कंपनीत मोठ्या कंपनीपेक्षा लवकर डावी खुर्ची मिळण्याची शक्यताही असते. तिथून एअरबस किंवा बोइंगवर जाणारे अनेक आहेत. तिकडे गेल्यावर पुन्हा को-पायलट म्हणून सुरुवात करावी लागू शकते, पण कॅप्टन म्हणून उडवलेले तास कोणी काढून घेत नाही. वयाच्या ६५ वर्षांपर्यंत विमान उडवता येतं. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा आणि ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी, यांतून मात्र शेवटपर्यंत सुटका नाही.

शिकायला परदेशीच जायला हवं असंही नाही. नागपूर फ्लाइंग क्लब आहे, गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय संस्था आहे, बारामती आणि धुळ्याला प्रशिक्षण चालतं, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची संस्था उभी राहते आहे. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी ‘महाज्योती’ने नागपूरला या प्रशिक्षणाचा खर्च उचललेला आहे. त्याची चौकशी आधी करा, जमिनीचा विचार नंतर.

संस्था निवडताना इमारत पाहू नका. आज उडण्याच्या अवस्थेत किती विमानं आहेत, एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, महिन्याला एका विद्यार्थ्याला प्रत्यक्ष किती तास मिळतात, हे लेखी मागा. दोनशे तासांना कुठे दीड वर्ष लागतं, कुठे तीन, आणि वाढलेल्या प्रत्येक महिन्याचा राहण्या-जेवणाचा खर्च घरातूनच जातो. तिथे शिकत असलेल्या दोन-तीन मुलांना संस्थेच्या फाटकाबाहेर भेटून त्यांची लॉगबुकं पाहा. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ ला देशातल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी लावली. सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. ही क्रमवारी वर्षातून दोनदा निघणार आहे. पहिला हप्ता भरण्याआधी ती ताजी यादी उघडून आपल्या संस्थेचं नाव कुठे आहे ते बघा.