कांगॉची टेकडी आणि लखनौचा कागद : जनरल थोरात यांची युद्धकारकीर्द

मागच्या व्याख्यानात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन सेनापतींबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली. 'परदेशी सेनापतींची नावं आम्ही ऐकतो. आपल्याकडचा एखादा घ्या आणि सांगा, सेनापतीची कारकीर्द मोजायची कशावरून? पदकांवरून की जिंकलेल्या लढायांवरून?' प्रश्न चांगला आहे, म्हणून आजचं सगळं व्याख्यान त्यालाच दिलंय.

उदाहरण म्हणून आम्ही लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांना निवडलं. हे कोल्हापूरकडचे. सैन्यात त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणत. आपल्या पुण्यात सदर्न कमांड आहे, खडकी आहे, खडकवासला आहे, सैन्याशी नातं असलेली घरं गल्लोगल्ली आहेत. तरी थोरातांचं नाव विचारलं तर बरेच जण थोडं थांबतात. १९६२ चा विषय निघाला की मात्र सगळ्यांचं काही ना काही मत असतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे आणि तोच आज उलगडायचा आहे.

थोरातांचा जन्म १९०६ चा. सँडहर्स्टला शिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते अधिकारी झाले आणि पुढे पहिल्या-चौदाव्या पंजाब पलटणीत गेले. इथे एक पार्श्वभूमी सांगायला हवी. १९२३ मध्ये ब्रिटिशांनी आठ पलटणी वेगळ्या काढल्या आणि हिंदी अधिकाऱ्यांना नेमायचं ते याच आठांमध्ये, असं ठरवलं. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटण त्यांत होती, थोरातांची पंजाब पलटणही होती. वरून पाहिलं तर ही सवलत वाटते. आतला हेतू असा, की गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करायची वेळ येऊ नये. हिंदी माणूस शूर शिपाई असतो, पण लढाई चालवू शकेल का, ही शंका उघडपणे बोलली जायची. थोरातांची पिढी ही शंका पाठीवर घेऊनच वाढली.

त्या शंकेला रणांगणावर उत्तर मिळालं ते जानेवारी १९४५ मध्ये, कांगॉला. आफ्रिकेतला काँगो नव्हे बरं का. हे कांगॉ ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्याजवळ.

तिथली परिस्थिती अशी होती. जपानी सैन्य आराकानातून दक्षिणेकडे मागे हटत होतं. त्याला तोफा आणि गाड्या घेऊन जायला एकच नीट रस्ता होता आणि तो कांगॉवरून जायचा. रस्ता तोडला तर जपान्यांना सगळं जड सामान टाकून डोंगरात शिरावं लागणार. पण समुद्राकडून तिथे पोचायचं म्हणजे खारफुटीच्या दलदलीतून, अरुंद खाड्यांमधून बोटींनी जायचं. आधी ब्रिटिश कमांडो उतरले आणि त्यांनी १७० नंबरची टेकडी घेतली. पाठोपाठ २५ व्या हिंदी डिव्हिजनची ५१ वी ब्रिगेड आली.

या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिटिश होते, ब्रिगेडिअर हटन. तिन्ही पलटणींचे प्रमुख मात्र हिंदी. कूर्गचे थिमय्या, बंगालचे एल. पी. सेन आणि कोल्हापूरचे थोरात. थिमय्यांकडे हैदराबाद रेजिमेंटची पलटण, सेन यांच्याकडे बलुच रेजिमेंटची आणि थोरातांकडे दुसरी-दुसरी पंजाब. ही तीन नावं लक्षात ठेवा. पुढे ती तिन्ही पुन्हा येणार आहेत.

रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या एका टेकडीला नकाशावर 'मेलरोज' असं नाव दिलं होतं. जपानी तिथे खंदकांमध्ये पक्के बसले होते. जानेवारीच्या अखेरीस थोरातांच्या पलटणीने ती चढून घेतली. शेवटी तर तोफांचा उपयोग संपला आणि खंदकाखंदकात संगिनींनी, हातघाईवर लढाई झाली. पलटणीची पुष्कळ माणसं पडली. ३१ जानेवारीला जपान्यांनी १७० नंबरच्या टेकडीवर निकराचा उलटा हल्ला केला. त्या दिवशी तिथे लेफ्टनंट नोलंड या कमांडोला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढं होऊनही टेकड्या हातच्या गेल्या नाहीत आणि रस्ता तुटला. थिमय्या, सेन आणि थोरात या तिघांनाही डी.एस.ओ. मिळालं. हिंदी अधिकारी लढाई चालवू शकतो का, हा प्रश्न त्यानंतर विचारायची सोय राहिली नाही.

आता इथे थोडं थांबू या. कांगॉ जिंकलं ते कशामुळे? शौर्य होतंच, त्याबद्दल वादच नाही. पण शौर्याच्या मागे काय काय होतं तेही बघा. समुद्रातून जहाजांच्या तोफा, वरून विमानं, दलदलीतून ओढून आणलेले रणगाडे आणि बोटींनी रोज येणारी रसद. उलट जपान्यांची रसद आटत चाललेली आणि रस्ता एकच. म्हणजे आपली रसद पोचते आणि शत्रूची पोचत नाही अशा जागी लढाई झाली. आमच्या मते थोरातांच्या पुढच्या सगळ्या विचाराचं मूळ इथे आहे. शिपायाला टेकडीवर चढ म्हणून सांगायच्या आधी त्याला भाकरी आणि गोळी कुठून येणार, हे सेनापतीला ठाऊक पाहिजे.

मधला एक टप्पा थोडक्यात सांगतो, कारण त्यातून माणूस कळतो. १९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं. मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी होते. त्यांना सांभाळायचं काम भारताकडे आलं. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात, म्हणजे कांगॉचीच जोडी. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी दंगल केली आणि मेजर ग्रेवाल यांना ओढून कुंपणाच्या आत नेलं. बाहेर आपले जवान बंदुका रोखून उभे. एक गोळी सुटली असती तर शेकडो कैदी मेले असते आणि ग्रेवालही वाचले नसते. थोरात मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन स्वतः आत गेले. कैद्यांशी बोलत बसले. चहा-सिगारेटच्या गप्पांवर आणून वातावरण सैल केलं आणि ग्रेवालना घेऊन बाहेर आले. याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग २ मिळालं. त्यालाच आज आपण कीर्तिचक्र म्हणतो. कांगॉला चढाईचा हुकूम देणाऱ्या माणसाने इथे गोळी न झाडायचा हुकूम दिला. दोन्हींना सारखीच छाती लागते.

आता मुख्य भागाकडे येऊ. १९५७ पासून थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. त्या वेळी तिचं मुख्यालय लखनौला होतं. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, सीमा लष्कराकडे सोपवण्यात आली. थोरातांनी नकाशे पाहिले, रस्ते पाहिले आणि खरं तर रस्ते नाहीत हे पाहिलं. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी एक टिपण तयार करून वर पाठवलं. सैन्यात ते 'थोरात प्लॅन' म्हणून ओळखलं जातं.

त्यातला विचार साध्या भाषेत असा आहे. मॅकमहोन रेषा हिमालयाच्या माथ्यावर आहे. तिबेटच्या बाजूला पठार असल्यामुळे चिनी गाड्या सीमेजवळ येतात. आपल्या बाजूला खोल दऱ्या आहेत, जवानाला दिवसचे दिवस चालत जावं लागतं. मग रेषेवरच मुख्य लढाई द्यायची, तर ती शत्रूच्या सोयीच्या जागी होणार. म्हणून सीमेवर चौक्या ठेवायच्या त्या शत्रू आला हे कळण्यापुरत्या. त्याला वाटेत अडवत, दमवत खाली येऊ द्यायचं. आणि खरी लढाई द्यायची ती बरीच मागे, बोमडिलासारख्या जागी, जिथे आपला रस्ता पोचतो आणि त्याची रसद डोंगरात लांबत जाते. थोडक्यात काय, तर कांगॉचाच हिशोब, फक्त हिमालयात मांडलेला.

अर्थात याला सैन्य लागणार होतं, रस्ते लागणार होते, पैसा लागणार होता. ते सगळं थोरातांनी मागितलं. १७ मार्च १९६० रोजी लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेतला. असलेल्या बळावर चीनचा हल्ला झाला तर काय काय पडेल, हे त्यात अधिकाऱ्यांसमोर मांडून दाखवलं. लष्करप्रमुख थिमय्यांना ते पटलं होतं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मात्र ही भीती अवाजवी ठरवली, असं थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारने जनरल थापर यांना निवडलं. त्याच महिन्यात थोरातही निवृत्त झाले आणि ईस्टर्न कमांडवर त्यांच्या जागी आले ते एल. पी. सेन, कांगॉचे तिसरे. नोव्हेंबर १९६१ मध्ये सीमेवर शक्य तितक्या पुढे चौक्या उभारायचं धोरण ठरलं. थोरातांच्या टिपणाच्या नेमकं उलट.

पुढचं आपल्याला माहीत आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला नामकाचूच्या काठी ७ वी ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. उन्हाळी कपड्यांतली, मोजक्या गोळ्यांनिशी उभी केलेली माणसं होती ती. चार-पाच दिवसांत तवांग गेलं. नोव्हेंबरच्या मध्याला सेला सोडावं लागलं आणि पाठोपाठ बोमडिला पडलं. जिथे पक्की लढाई द्यायची असं थोरात म्हणत होते, तिथे ती द्यायला पुरेसं बळच उरलं नव्हतं.

इथे एका मोहापासून सावध राहायला हवं. थोरातांचं ऐकलं असतं तर आपण नक्की जिंकलो असतो, असं आम्ही म्हणणार नाही. मागितलेलं सैन्य आणि रस्ते दोन-तीन वर्षांत उभे राहिले असते का, हाही प्रश्न आहेच. शिवाय न लढताच जमीन मागे टाकायची, हे संसदेत सांगणं त्या काळी कुठल्याही सरकारला जड गेलं असतं. आणि सेन भित्रे होते म्हणून हे झालं, असं तर मुळीच नाही. त्यांच्या छातीवर कांगॉचंच पदक होतं. एकाच रणांगणावर, एकाच आठवड्यात तावून निघालेले हे अधिकारी. त्यांच्यातल्या एकाने धोका कागदावर मांडला, एकाने तो उचलून धरला आणि एकाच्या वाट्याला तो कागद बाजूला पडल्यानंतरची लढाई आली. आम्हाला ही फार दुःखाची गोष्ट वाटते.

युद्धबंदीनंतर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावलं. हे टिपण मला का दाखवलं नाही, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर मेननच देऊ शकतील, असं आपण सांगितल्याचं थोरात लिहितात. तोवर मेनन गेले होते आणि त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला पोचले होते. त्यांच्याच काळात पराभवाची लष्करी चौकशी झाली, हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांची. यातले प्रेमिंद्रसिंग भगत म्हणजे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. १९४१ मध्ये अबिसीनियात इटालियन सैन्याने पेरलेली १५ सुरुंगक्षेत्रं त्यांनी साफ केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इटलीपासून निघालेला विषय असा फिरून पुण्याला आला.

तर आता चिठ्ठीचं उत्तर. पदकं मोजा, लढायाही मोजा, त्या खऱ्याच असतात. त्यासोबत सेनापतीने वेळेवर लिहिलेला कागदही मोजा, जरी कुणी तो वाचला नसला तरी. मेलरोजची टेकडी थोरातांनी माणसं गमावून घेतली. लखनौचा कागद त्यांनी माणसं गमवावी लागू नयेत म्हणून लिहिला होता. पहिल्या कामाला डी.एस.ओ. मिळालं. दुसऱ्या कामाला पदक नसतं. त्याची आठवण ठेवणं हे आपल्यासारख्यांचं काम आहे.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर कळवा, पुढच्या वेळी त्यातूनच सुरुवात करू.