रंकाळ्यावर रोजा सोडताना

रमजानमध्ये सहलीला कोण जातं? पहाटे सहेरीला उठायचं, दिवसभर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही आणि रात्री तरावीहची नमाज. यात फिरायला जायचं त्राण उरतं कुठं? तरीही गेल्या रविवारी असरची नमाज झाल्यावर आम्ही सगळे रंकाळ्यावर गेलो. कारण होतं माझी अम्मी.

अम्मीला बरीच वर्षं मधुमेह आहे. मागच्या रमजानमध्ये तिनं हट्टानं रोजे धरले आणि अकराव्या दिवशी साखर इतकी उतरली की रात्र दवाखान्यात काढावी लागली. यंदा डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. ज्याची प्रकृती सुधारण्यासारखी नाही, त्याला इस्लामने रोज्यातून सूट दिली आहे. एका रोज्यामागे एका गरजू माणसाला दोन वेळचं जेवण द्यायचं, याला फिदिया म्हणतात. अम्मीनं पहिल्याच आठवड्यात पैसे काढून दिले. पण जेवायची मात्र स्वयंपाकघराच्या दारामागं, पाठ करून. नातवंडं रोज्याला आणि आपण भाकरी मोडतोय, याची तिला लाज वाटायची. कुणी आत आलं की ताटावर पदर ओढायची.

‘‘मी कुठं रोजेदार? तुमच्यात बसून काय करू?’’ असं म्हणत म्हणतच ती रिक्षात बसली.

केंदाळ आणि सांडपाण्यानं या तळ्याची काय दशा केली, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. तरी संध्याकाळी काठावर बसलं की माणूस तक्रार विसरतो. पलीकडं शालिनी पॅलेस, पाण्यात संध्यामठ, वारा. पोरांनी पद्माराजे उद्यानात जायचा हट्ट धरला; पण पोटात काही नसताना पळापळ नको म्हणून अम्मीनं त्यांना कट्ट्यावर बसवलं आणि नंदीची गोष्ट काढली. रंकाळ्याकाठचा नंदी म्हणे रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. तो पाण्यापर्यंत पोचला की जगबुडी. ही गोष्ट मला तिनंच सांगितली होती आणि तिला तिच्या आईनं. ‘‘मग गहू मोठा की तांदूळ?’’ धाकट्यानं विचारलं. हिशेब बराच वेळ चालला.

सव्वासहा झाले असतील. अम्मी बोलता बोलता थांबली. कपाळावर घाम, हात थरथरत होते. पर्समध्ये बिस्किटं होती, बायकोनं पुडा फोडून पुढं केला. अम्मीनं तोंड फिरवलं. ‘‘अर्ध्या तासात बांग होईल. सगळ्यांबरोबर खाईन.’’ माझा आवाज चढला. रमजानमध्ये आईवर ओरडलो, हे कबूल करायला हवं.

शेजारच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. त्या उठून आल्या. ‘‘आमच्या सासूबाईंचंही असंच. डॉक्टरांनी एकादशी बंद केली, तर चोरून धरतात. खावा हो आजी, देव काय हिशेब घालत बसलाय?’’

अम्मी गप्पच. तेवढ्यात धाकट्यानं, ज्याचा हा आयुष्यातला दुसराच रोजा होता, इफ्तारचा डबा उघडला आणि खजूर तिच्या ओठाला लावला. ‘‘दादी, तू खा. तुझा रोजा मी धरलाय.’’ दुसऱ्याचा रोजा असा धरता येत नाही. मौलवीसाहेबांनी ऐकलं असतं तर हसले असते. पण अम्मीनं तोंड उघडलं. एक खजूर, मग दुसरा, वर दोन बिस्किटं. चारचौघांत, कट्ट्यावर, नातवाच्या समोर. दहा-पंधरा मिनिटांनी हात स्थिर झाले. मावशी तोवर हलल्या नाहीत.

पावणेसातच्या सुमारास सूर्य बुडाला आणि गावातून बांग ऐकू आली. डबा फिरला, मावशींनीही खजूर घेतला. अम्मीनं आमच्याबरोबर पुन्हा एक कलिंगडाची फोड उचलली, तीही छोटी बघून. पुरुषमाणसं बाजूला मगरीबची नमाज पढून आलो, तर ती भेळवाल्यासमोर उभी.

‘‘कांदा कमी, चटणी जास्त,’’ ती त्याला सांगत होती. मी काही बोलायच्या आत माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘तिखटाला डॉक्टर नको म्हणालेत का?’’